जुन्या गाडीत ब्लूटूथ हँड्सफ्री: आधी माइकची जागा ठरवा, मग यंत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००८ची वॅगन-आर एलएक्सआय, पेट्रोल. आधीच्या मालकाने बसवलेला वन-डिन (एका ठरलेल्या मापाच्या आडव्या खाचेत बसणारा) सीडी प्लेअर आहे, पुढे ऑक्स (बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायची जागा) आणि यूएसबीची भोकं आहेत, ब्लूटूथ नाही. वडील सत्तरीकडे झुकलेले, सातारा-पुणे एकटेच ये-जा करतात आणि फोन आला की एका हाताने उचलतात. बाजारात लायटरमध्ये खोचायच्या पाचशे रुपयांच्या यंत्रापासून मोठ्या अँड्रॉइड स्क्रीनपर्यंत सगळं मिळतं. यातलं काय घ्यावं, आणि घरी बसवता येईल का?

निर्णय आधी सांगून टाकतो, कारणं नंतर. त्याच खाचेत बसणारा, नावाजलेल्या कंपनीचा वन-डिन ब्लूटूथ स्टिरिओ घ्या. अट एकच: त्याला बाहेरून वायरने जोडायचा वेगळा माइक असला पाहिजे. गाडी वर्षभरात विकायची असेल तर सन-व्हायझरला अडकवायचा स्पीकरफोन घ्या आणि डॅशबोर्ड उघडूच नका. लायटरमधलं एफएम यंत्र घेऊ नका. स्क्रीनचा मोह वडिलांच्या गाडीपुरता तरी टाळा.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक गाणं लावून बघतं, बास किती येतो ते बघतं आणि त्यावर स्टिरिओ पसंत करतं. फोनसाठी या परीक्षेचा काही उपयोग नाही. समोरच्याचा आवाज तुम्हाला कुठल्याही बऱ्या स्पीकरवर ऐकू येतो. अडतं ते तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचण्यात, आणि हे गाडीत बसलेल्याला कळत नाही, कारण ऐकणारा भलतीकडे असतो. तो "हॅलो, आवाज तुटतोय, जरा मोठ्याने" म्हणतो. मग चालक पुढे झुकतो, काच वर करतो, ओरडतो आणि शेवटी वैतागून फोन कानाला लावतो. म्हणजे हजारो रुपये घालून गाडी पुन्हा होती तिथेच. जुन्या गाडीत हे जास्त होतं, कारण दरवाजांची रबर बीडिंग वाळलेली असते, चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज थेट आत येतो, ब्लोअर खडखडत असतो. म्हणून खरेदी करताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: याचा माइक कुठे आहे आणि मी तो कुठे नेऊ शकतो?

लायटरमधल्या एफएम ट्रान्समीटरचा माइक त्या यंत्रातच असतो. म्हणजे गिअरच्या आसपास, गुडघ्याच्या उंचीला, तोंडापासून दोन-अडीच फूट लांब. एवढ्यावरच तो बाद व्हायला हवा. दुसरी गोष्ट, हे यंत्र एक छोटं रेडिओ केंद्र असतं. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली एखादी रिकामी जागा शोधून तिथे ते आवाज सोडतं आणि तुमचा रेडिओ तो पकडतो. साताऱ्यात रिकामी असलेली जागा पुण्यात रिकामी असेलच असं नाही. पुण्यात १०१वर विविध भारती, ९८.३वर मिरची, आणि या दोन्हींच्या आजूबाजूलाही त्यांच्या ताकदीमुळे खरखर येते. म्हणजे कात्रजचा बोगदा ओलांडला की चालत्या गाडीत वडिलांनी आधी यंत्राची आणि मग रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची. जो धोका टाळायला निघालो तोच वाढला. शिवाय सतरा-अठरा वर्षं जुन्या गाडीतलं लायटर सॉकेट ढिलं झालेलं असतं. गतिरोधकावर यंत्र उडतं, क्षणभर बंद पडतं आणि चालू असलेला कॉल फोनवर परत जातो.

ऑक्समध्ये लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर याच्यापेक्षा पुष्कळ बरा. आवाज वायरने जातो, त्यामुळे खरखर नाही. यात दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाहीत. काही रिसीव्हर फक्त गाण्यांसाठी असतात. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळी ठरलेली पद्धत आहे: गाण्यांसाठी ए-टू-डी-पी, फोन कॉलसाठी एच-एफ-पी, फोनबुक आणायला पी-बी-ए-पी. डबीवर एच-एफ-पी किंवा हँड्सफ्री लिहिलेलं नसेल तर त्यावरून बोलता येणार नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. स्टिरिओ 'ऑक्स'वर असेल तरच कॉल ऐकू येतो. वडील रेडिओवर बातम्या ऐकत असतील तर रिंग ऑक्सच्या वायरीतून येऊन तिथेच थांबते, स्टिरिओला तिचा पत्ताच नसतो. ब्लूटूथ स्टिरिओ मात्र कॉल आला की जे चालू असेल ते आपोआप गप्प करतो. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण वापरात सगळ्यात जास्त जाणवतो.

व्हायझरचा स्पीकरफोन, म्हणजे जॅब्राच्या ड्राइव्ह किंवा फ्रीवेसारख्या जातीचा, हे या सगळ्यातलं दुर्लक्षित पण शहाणं साधन आहे. माइक आणि स्पीकर दोन्ही डोक्याच्या उंचीला, तोंडाजवळ. वायरिंग नाही, स्टिरिओचा संबंध नाही, गाडी बदलली की काढून नवीन गाडीत लावा. उणं काय? स्पीकर छोटा असतो, त्यामुळे हायवेवर काच उघडी ठेवून ऐकू येत नाही. चार्ज करायला लागतो, आणि ज्येष्ठ माणसं नेमकं तेच विसरतात. तिसरं म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत, काचेला लागून, आतल्या लिथियम बॅटरीची दोन-तीन उन्हाळ्यांत वाट लागते. गाडी उभी करताना काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायची सवय लागली तरच घ्या.

पॅरटच्या सीके ३१०० सारख्या किटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. एक काळ या किटचा होता आणि तो योग्य कारणाने होता: डॅशबोर्डवर छोटी पट्टी, मागे वेगळा डबा, वेगळा माइक, आणि स्टिरिओच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) मधे बसणारी वायरिंग, जी कॉल आला की स्टिरिओचे स्पीकर स्वतःकडे घेते. मूळचा स्टिरिओ हलवायचा नसेल तर यापेक्षा नीट रचना नाही. आता जे मिळतात ते बहुतेक जुने, काढलेले. नवीन फोनशी त्यांचं जुळतं, पण फोनबुक अर्धवट येतं, मध्येच तुटतं. जुन्या मर्सिडीजचा मूळ स्टिरिओ जपायचा असेल तर तो खटाटोप करा. तुमचा स्टिरिओ मुळात नंतर बसवलेलाच आहे, त्यासाठी नको.

अँड्रॉइड स्क्रीनबद्दल माझं मत कडक आहे. स्वस्तातल्या स्क्रीनला पुढच्या काचेत सुईएवढं भोक असतं आणि बाजूला 'माइक' लिहिलेलं असतं. ते भोक एसीच्या झरोक्यांपासून वीतभर अंतरावर येतं, म्हणून समोरच्याला आधी वारा ऐकू येतो आणि नंतर तुम्ही. अशा बऱ्याच स्क्रीनना मागे बाहेरचा माइक लावायची सोय असते. मात्र काहींमध्ये बाहेरचा लावला तरी आतला चालूच राहतो, दोन्ही समांतर जोडलेले असतात. आतला सोडवून काढल्याशिवाय उपयोग होत नाही, आणि हे काम बसवणारा मुलगा आपण होऊन करत नाही. त्यात स्क्रीन चालू व्हायला लागणारा वेळ, उन्हात न दिसणं, आणि एका बटणाचं काम तीन वेळा बोट लावून करणं. वडिलांना बघायची वस्तू कमी करून द्यायची आहे, वाढवून नाही.

आता वन-डिन स्टिरिओ. खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असते आणि जगभर तेच माप चालतं, म्हणून पायोनिअर, सोनी, जेव्हीसी, ब्लाउपुंक्ट यांतलं काहीही तुमच्या गाडीत बसेल. सीडी नसलेला, कमी खोलीचा घ्या. मागे वायरींना जागा उरते आणि काम नीट होतं. डबी उघडून बघा: आत तीनेक मीटर वायरचा छोटा माइक आणि क्लिप आहे का? नसेल तर स्टिरिओच्या मागे माइकचं भोक तरी आहे का? दोन्ही नसेल तर ठेवा परत. गोल फिरवायचं व्हॉल्यूमचं मोठं बटण असलेला घ्या, न बघता हाताला लागतं. कॉल घ्यायचं बटण वेगळं आणि ठळक हवं. दोन फोन एकाच वेळी जोडता आले तर चांगलं. डबीवरच्या 'चार गुणिले ५० वॅट'कडे लक्ष देऊ नका, तो क्षणिक आकडा असतो. सलग मिळणारी ताकद वीस वॅटच्या आसपासच असते, कंपनी कुठलीही असो. एक बारीक गोष्ट चोखंदळ माणसांसाठी: हँड्सफ्रीची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर आवाज सेकंदाला ८,००० ऐवजी १६,००० नमुने घेऊन जाऊ शकतो आणि 'स', 'श', 'फ' स्पष्ट कळतात. त्यासाठी फोनचा कॉलही तशा दर्जाचा, म्हणजे सहसा व्होल्टी (फोर-जी नेटवर्कवरून जाणारा), असावा लागतो.

घरी बसवता येईल का? मल्टिमीटर हातात धरता येत असेल तर येईल. नसेल तर बसवून घ्या, पण समोर उभं राहून. पुण्यात असाल तर नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे हे काम रोज चालतं. दुकानात शिरताच एकच वाक्य म्हणा: "कपलर-टू-कपलर बसवायचं, गाडीची वायर कापायची नाही." गाडीच्या मूळ कपलरला जुळणारा आणि दुसऱ्या टोकाला नवीन स्टिरिओचा कपलर असलेला जोड बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळतो. तुमच्या गाडीत अडचण अशी की आधीच्या मालकाच्या कारागिराने मूळ कपलर बहुधा कापूनच टाकलेला असेल आणि तिथे पिळून टेप मारलेल्या वायरींचा गुंता असेल. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, टेप घसरते आणि दोन उघडी टोकं एकमेकांना लागतात. तो गुंता दिसला तर जुने जोड तसेच ठेवून त्यावर नवीन जोडू नका. प्रत्येक जोड तासून, सोल्डर करून, हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवून घ्या. तासभर जास्त जातो, पण याच तासासाठी कारागिराला पैसे द्यायचे असतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह पट्टी काढा, साधारण १० नंबरचा पाना लागतो. स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची फ्रेम स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकची पट्टी वापरा आणि थंडीत सकाळी सकाळी तर हात लावू नका, सतरा वर्षांचं प्लास्टिक कुरकुरीत झालेलं असतं. जुना स्टिरिओ बाहेर ओढला की कुठलीही वायर सोडवण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा. डॅशबोर्डमध्ये कुठेही पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी नळी दिसली तर ती एअरबॅगची असू शकते, तिला टेस्टर लावू नका. तुमच्या एलएक्सआयमध्ये एअरबॅग नसणार, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत असेल.

मग पट्टी परत जोडून मोजायला बसा. स्टिरिओच्या बाजूचे रंग ठरलेले असतात: पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि जोडीतली काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र गाडीचे स्वतःचे असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. किल्ली बंद असताना ज्या वायरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसतं तिला पिवळी जोडायची. किल्ली 'एसीसी'वर (इंजिन बंद पण रेडिओ चालतो त्या पायरीवर) आणल्यावर येतो आणि बंद केल्यावर शून्य होतो, तिला लाल. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडामध्ये या दोन पिनांच्या जागा उलट असतात. रस्त्यावरच्या कामात एक सर्रास चाल दिसते: पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकायची, म्हणजे किल्लीशिवाय गाणी लागतात आणि गिऱ्हाईक खूश. मग स्टिरिओ खऱ्या अर्थाने झोपतच नाही. समजा तो ३०० मिलिअँपिअर खात राहिला, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्याहून खाली येते. काम झाल्यावर निगेटिव्ह पट्टीत मीटर मालिकेत लावून दहा-पंधरा मिनिटांनी बघा, सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत असलं पाहिजे. तसा मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

अर्थिंगची काळी वायर स्टिरिओच्या पत्र्यावर सोडू नका. डॅशबोर्डमागे गाडीच्या बॉडीला लागलेला बोल्ट शोधा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा आणि तिथे गोल टर्मिनल कसा. पुढे येणाऱ्या निम्म्या गुणगुणींचा बंदोबस्त इथेच होतो.

स्पीकरबद्दल एक इशारा, विशेषतः वॅगन-आरपेक्षाही जुनी गाडी असणाऱ्यांसाठी. पद्मिनी किंवा पहिल्या काळातल्या मारुती ८०० मध्ये नंतर बसवलेल्या टेपच्या स्पीकरांची निगेटिव्ह वायर कधीकधी सरळ बॉडीला टेकवलेली सापडते. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात, दोन्ही 'चालू' असतात. त्यातली एक बॉडीला लागली की स्पीकरला ताकद देणारी आतली आयसी (चिप) जाते, आणि वॉरंटीवाला काळी झालेली आयसी बघून हात वर करतो. म्हणून प्रत्येक स्पीकरची निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यात मीटरने कंटिन्युइटी बघा. 'बीप' वाजला तर नवीन दोन वायरी ओढा. कुठली वायर पॉझिटिव्ह हे पेन्सिल सेलने कळतं: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की स्पीकर 'टक' करतो. कागद बाहेर आला तर सेलचं पॉझिटिव्ह टोक जिथे लागलं ती पॉझिटिव्ह. पुढच्या दोन स्पीकरांत एक सुलटा, एक उलटा जोडला गेला तर गाण्यात बास नाहीसा होतो आणि फोनवरचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

आता मुख्य काम, माइक. तीन जागा विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली, स्टिअरिंगच्या खांबाचं वरचं झाकण. तोंडाच्या समोर असल्यामुळे मोहक वाटते, पण चालकाच्या बाजूचा एसीचा झरोका जवळ असतो आणि स्टिअरिंग फिरवताना हात मध्ये येतो. दुसरी, सन-व्हायझर. दुकानात नव्वद टक्के वेळा इथेच लावतात, कारण क्लिप तशीच येते. सकाळी साताऱ्याहून पुण्याला येताना ऊन उजव्या बाजूने डोळ्यात येतं, व्हायझर खाली किंवा बाजूला फिरवला जातो आणि माइकचं तोंड काचेकडे होतं. तिसरी जागा माझ्या पसंतीची: चालकाच्या बाजूचा काचेलगतचा खांब, त्याचा वरचा भाग, छताच्या अगदी खाली. तोंडापासून साधारण फूट-दीड फूट, झरोक्यांपासून दूर, दारातल्या स्पीकरापासून दूर. माइकची जाळी चालकाच्या तोंडाकडे वळवा. बरेच माइक एका दिशेचा आवाज जास्त पकडतात आणि उलटे लावले तर इमानेइतबारे काचेचा आवाज पकडतात. चालकाच्या खिडकीला फार चिकटवू नका, काच दोन बोटं उघडी असली तरी वारा मारतो. वडील उंचीने कमी असतील तर ते सीट पुढे घेऊन बसतात. आधी त्यांना त्यांच्या जागेवर बसवा, मग जागा ठरवा. कारागिराने स्वतः बसून अंदाजाने लावलेला माइक कारागिराच्या तोंडासाठी असतो.

वायर खांबाच्या बाजूने, दाराच्या रबर बीडिंगखाली दाबत खाली आणा. खांबाच्या आत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाडीत वायर झाकणाच्या आतून नेऊ नका, बीडिंगखालूनच न्या. पुढे डॅशबोर्डखालून स्टिरिओपर्यंत नेताना दर वीतभर अंतरावर केबल टाय मारा. क्लचच्या पायाजवळ लोंबणारी वायर हा या सगळ्या कामातला खरा अपघाताचा मुद्दा आहे. उरलेल्या वायरीची गुंडाळी ब्लोअरच्या मोटरीपासून आणि जाड करंटच्या वायरींपासून लांब बांधा.

तपासणी दुकानाच्या दारात उभ्या गाडीत करून काही कळत नाही. तुमच्या आईला किंवा भावाला घरून फोन लावायला सांगा आणि रेकॉर्ड करायला सांगा. इंजिन बंद असताना, मग चालू ठेवून, मग ब्लोअर तीनवर, मग साठच्या वेगाने, मग एक काच उघडून, प्रत्येक वेळी दहापर्यंत अंक म्हणा. रेकॉर्डिंग घरी येऊन ऐका. माइक दोन इंच सरकवल्यावर होणारा फरक ऐकून तुम्ही चकित व्हाल. बऱ्याच स्टिरिओत माइकची पातळी कमी-जास्त करायची सोय असते. आधी मधे ठेवा, गरज पडली तरच वाढवा. वाढवली की वाराही वाढतो.

प्रतिध्वनीचा नियम लक्षात ठेवा: ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो, समोरच्याकडे असतो. समोरचा म्हणाला की "माझाच आवाज येतोय", तर तुमच्या गाडीतल्या स्पीकरचा आवाज तुमच्या माइकात शिरतोय. व्हॉल्यूम कमी करा, फेडरने (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटायच्या सोयीने) मागच्या ट्रेवरच्या स्पीकरांचा आवाज पुढे आणा, माइकची पातळी उतरवा. त्याने बहुतेक वेळा भागतं.

गुणगुण वेगळी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की उतरणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), अर्थिंग तपासा. ऑक्समधल्या रिसीव्हरला लायटरच्या चार्जरवरून करंट देत असाल तर दोन रस्त्यांनी अर्थिंग मिळतं आणि हीच शिट्टी येते. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (हा दुसरा रस्ता तोडणारी छोटी डबी) लावला की जाते. आणि वडिलांकडे टू-जीचा कीपॅड फोन असेल तर कॉल येण्याआधी 'टिट्-टिट्-टिर्र' असा आवाज येईल. तो बिघाड नाही, फोनच्या लहरी वायरीत उतरतात. फोन स्टिरिओपासून आणि माइकच्या वायरीपासून हातभर लांब ठेवा. ब्लूटूथ असलेला कीपॅड फोन हँड्सफ्रीवर व्यवस्थित चालतो, त्यासाठी वडिलांना स्मार्टफोन घ्यायला लावू नका.

जोडणी एकदाच करायची असते. कोड मागितला तर ०००० किंवा १२३४. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या यंत्राच्या नावाशेजारी फोन कॉल, मीडिया आणि संपर्क अशी वेगवेगळी बटणं असतात. पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत संपर्काला नकार दिला जातो आणि मग स्टिरिओवर नावांऐवजी नुसते नंबर दिसतात. आईचा फोन त्याच गाडीत जोडून ठेवला असेल तर कधी तोच आधी पकडला जाईल आणि वडिलांचा कॉल खिशातच वाजत राहील. स्टिरिओत वडिलांच्या फोनला अग्रक्रम द्या किंवा आईचा काढून टाका. कॉल आपोआप उचलण्याची सोय बंद ठेवा. गाडीत पाहुणे बसलेले असताना घरचं बोलणं चार स्पीकरांवर सुरू झालं की कळतं ती का बंद ठेवायची.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीने चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात स्पष्टपणे घातलं आहे. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२०पासून नियमांत रस्ता बघण्यापुरती हातातल्या साधनाला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हँड्सफ्री यात अडकत नाही. म्हणून ते निर्धोक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये आणीबाणी सोडून चालकाच्या फोन-वापरावर, हँड्सफ्रीसकट, बंदीची शिफारस केली होती, आणि त्यामागचं कारण साधं आहे: हात मोकळे झाले तरी डोकं बोलण्यातच असतं. खंबाटकीत ट्रकच्या मागे असताना आलेला कॉल वाजू द्यावा, उचललाच तर वडिलांनी एवढंच म्हणावं की "गाडीत आहे, उतरलो की करतो". आणि हे वडिलांपेक्षा त्यांना फोन करणाऱ्यांनी पाळायचं आहे. ते निघाल्याचं माहीत असताना दर अर्ध्या तासाने "कुठपर्यंत आलात?" विचारणारी आपलीच माणसं असतात.

जुना सीडी प्लेअर दुकानात टाकून येऊ नका. तो, त्याची पत्र्याची चौकट, फ्रेमचे स्क्रू आणि नवीन स्टिरिओच्या डबीत आलेल्या, तो खाचेतून बाहेर काढायच्या दोन पट्ट्या एका पिशवीत घालून ठेवा. गाडी विकायची वेळ आली की नवीन स्टिरिओ आणि माइक काढून घेता येतात आणि कपलर-टू-कपलर काम केलेलं असेल तर जुना परत बसवायला अर्धा तास पुरतो.